एकोणतीस वेळा गंधक

आमच्या केंद्रात घंटा वाजली की सगळे आधी आकडा बघायचे. पत्ता नंतर.

भिंतीवरच्या पडद्यावर शून्य ते शंभरमधला एक आकडा यायचा. ही आग खरी असण्याची शक्यता शंभरात किती, एवढंच तो सांगायचा. सत्तरच्या वर असला की आम्ही धावायचो. तीस-चाळीस असला की चहा टाकून उठायचो आणि दहाच्या आत असला की चहा संपवून उठायचो. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. आळस अंगात मुरला की त्याला कुणी आळस म्हणत नाही, अनुभव म्हणतात. अंकलवाडी अग्निशमन केंद्राची उपअधिकारी म्हणून सगळ्यात जास्त अनुभव माझ्याकडे होता.

त्या मंगळवारी सकाळी अकराला आकडा आला तीन. पत्ता हिरण्य शीतगृह, मालगाव रस्ता.

"गंधक," तुषार माळी पडद्याकडे न बघताच म्हणाला. तुषार आमचा सगळ्यात चपळ फायरमन आणि सगळ्यात तोंडाळही. "मॅडम, भजी गरम हायत. पाच मिनिटं द्या की."

खोतमामा मात्र उठले होते. नारायण खोत, लीडिंग फायरमन, वय चौपन्न. बारा वर्षांपूर्वी प्रशिक्षण केंद्रात मला पाण्याचा होज गुंडाळायला यांनीच शिकवलं. आकडा तीन असो की नव्वद, मामा जाड कोट चढवायचे, हेल्मेट घालायचे, पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन मास्क गळ्यात अडकवायचे आणि मग गाडीत बसायचे. त्यांच्यामुळे आमची गाडी चाळीस सेकंद उशिरा निघायची.

"नवरदेव निघाले!" तुषार ओरडला. "मामा, मुंडावळ्या राहिल्या बगा."

सगळे हसले. मीही हसले. अधिकारी हसला की तो हुकूमच असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं.

रेल्वे फाटक ओलांडायच्या आत मी मांडीवरच्या टॅबवर अहवाल भरून टाकला. कारण क्रमांक सात, निरुपद्रवी धूर. तपशील, बेदाण्याला दिलेली गंधकाची धुरी. प्रत्यक्ष पाहणी केली का? होय. खाली बोटाने सही. मुख्यालयात प्रत्येक केंद्राचा वेळ मोजला जायचा, घंटा वाजल्यापासून अहवाल बंद होईपर्यंतचा. जिल्ह्यात आमचा पहिला नंबर होता. तो कसा आला ते आता तुम्हाला कळलं.

आमचा सगळा भाग द्राक्षांचा. बेदाण्याला पिवळाधमक रंग यावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात आणि मग तो शीतगृहात जातो. हंगामात त्या धुरीने शीतगृहातलं आगीची सूचना देणारं यंत्र वारंवार वाजायचं. शीतगृहाचे मॅनेजर बिरनाळे फाटकातच उभे असायचे. तसेच आजही होते.

"गंधकच हाय, मॅडम. उगाच तरास तुम्हाला."

मी पॅनेलवरचं बटण दाबून भोंगा बंद केला. मामा तोवर चार नंबरच्या खोलीपाशी पोचले होते. त्यांनी हातमोजा काढला आणि दाराच्या चौकटीशेजारच्या पत्र्यावर हाताची पालथी बाजू टेकवली.

"रेवती, हितं जरा कोमट लागतंय."

"चौकटीत हीटरची तार असतीया, मामा," बिरनाळे म्हणाले. "दाराला बर्फ धरू नये म्हणून. कोमट लागणारच की."

"उघडून बघितलं असतं तर..."

"मामा, चला," मी म्हणाले. टॅबवर दुसरी सूचना आली होती, आकडा सहा. मामांनी हात काढला आणि आले. हिरण्य शीतगृहातली ती आमची एकोणतिसावी फेरी होती.

*

शुक्रवारी मृण्मयी साठ्ये पेढे घेऊन आली. घ्राणयंत्र बनवणाऱ्या कंपनीत ती इंजिनियर होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, हुशार, आणि आपल्या कामावर मनापासून खूश असलेली. अशा माणसांना वाईट बातमी सांगणं फार कठीण जातं.

घ्राणयंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. जुनी यंत्रं धूर डोळ्याने बघायची. आत प्रकाशाचा एक किरण असायचा, तो अडला की भोंगा. मग तो धुराने अडो, धुळीने अडो की कोळ्याने जाळं विणल्यामुळे अडो. नवं यंत्र हुंगतं. नखाएवढ्या चकतीवर हजारो सूक्ष्म ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका वेगवेगळ्या वायूंना कमीजास्त दाद देतो. सगळ्या ठिपक्यांची दाद मिळून त्या वासाचा एक ठसा तयार होतो. कारखान्यात हजारो वस्तू जाळून यंत्राला हे ठसे शिकवलेले असतात. पण प्रत्येक गावाचे वास वेगळे. कुठे मिरचीकांडप, कुठे वीटभट्टी, आमच्याकडे गंधक. ते यंत्र कामावर लागल्यावर शिकतं. शिकवणारे आम्ही. घंटा वाजली, गाडी गेली, अधिकाऱ्याने डोळ्यांनी बघून अहवालात लिहिलं की हे अमुक होतं, की यंत्र तो ठसा त्या नावाखाली ठेवतं.

"सोमवारपासून नवा नियम," मृण्मयी म्हणाली. "पाचच्या खालच्या सूचनेला गाडी निघणारच नाही. यंत्र स्वतःच ती बंद करेल. आणि मॅडम, हे तुमच्यामुळे शक्य झालं. इतक्या वेळेवर भरलेले, इतके स्पष्ट अहवाल दुसऱ्या कुठल्याच केंद्राचे नाहीत. आमचं यंत्र सगळ्यात जास्त तुमच्याकडून शिकलंय."

तुषारने टाळ्या वाजवल्या. मी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

"आमचे अहवाल बरोबर आहेत की नाही ते कोण तपासतं?" मी विचारलं.

ती हसली. "कशाशी ताडून तपासणार? तिथे जाऊन बघणारं माणूस तुम्हीच. तुम्ही सांगाल ते खरं."

मी तिला टेबलापाशी नेलं आणि हिरण्य शीतगृहाची माहिती उघडायला सांगितली. पडद्यावर आकड्यांची रांग आली. सात आठवड्यांपूर्वी पहिली सूचना, आकडा एकसष्ट. मग अठ्ठेचाळीस, तेहेतीस, वीस, अकरा. मंगळवारी तीन.

"बघा किती छान शिकलंय," मृण्मयी म्हणाली.

"पहिल्यांदा एकसष्ट का दिला होता?"

"गंधकाबरोबर आणखी एक वास होता." तिने त्या दुसऱ्या वासाच्या आलेखाची रेघ उघडली. "फोम तापल्यासारखा. म्हणजे तसं वाटलं होतं यंत्राला. पण तुम्ही पाहणी करून गंधक लिहिलंत. मग पुढच्या वेळी पुन्हा दोन्ही वास एकत्र आले, तुम्ही पुन्हा गंधक लिहिलंत. तेव्हा यंत्राने धरलं की इथल्या गंधकाचा वासच असा असतो."

"ती दुसरी रेघ वर चाललीय."

"हो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज थोडा बदलला. "पण ते गंधकच आहे ना? तुम्ही बघितलंत ना?"

"हो," मी म्हणाले.

*

शीतगृहाच्या भिंती म्हणजे दोन पत्रे आणि मधे वीतभर जाड फोम. तो फोम बंद पत्र्यात तापला तर भडकत नाही, कारण हवा नसते. आतल्या आत काळा पडत जातो. आठवडे जातील, महिनाही जाईल. बाहेरून काही दिसत नाही. हात लावला तर कोमट लागतं. आणि माल आत-बाहेर करायचा हंगाम, म्हणजे धुरीचाही हंगाम, तेव्हाच दारं सारखी उघडतात आणि चौकटीतली ती तार सगळ्यात जास्त तापते. म्हणून दोन्ही वास एकत्र. हे सगळं मला माहीत होतं. मी परीक्षेत यावर बारा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे.

शनिवारी दुपारी मी मामांना गाठलं. ते गाडीमागे बसून पितळी नळजोड घासत होते. मी सगळं सांगितलं. एकोणतीस अहवाल मी गाडीतच भरले, यंत्र त्यावरून शिकलं, सोमवारनंतर तिथे गाडीही जाणार नाही.

"मग तसं लिहून दे," मामा म्हणाले.

"काय लिहून देऊ? न बघता सह्या केल्या म्हणून?"

"तसंच झालंय न्हवं?"

"मामा, नोकरी जाईल माझी."

"जाईल," ते म्हणाले आणि घासत राहिले.

मला त्यांचा भयंकर राग आला. दोन शब्द धीराचे बोलले असते तर काय बिघडलं असतं? माझी बढतीची फाइल मुख्यालयात पोचली होती. घरी सगळ्यांना सांगून झालं होतं. रविवारी मी चार वेळा पत्र लिहायला बसले आणि चारही वेळा ते असं काही झालं की वाचणाऱ्याला वाटावं चूक यंत्राची आहे. मला वाक्यरचना चांगली जमते. शेवटी मी ठरवलं, सोमवारी सहज जाऊन ती भिंत उघडून बघू, काही असलं तर तेव्हा बघू, आणि काही नसलं तर कुणाला काही सांगायला नको. पळवाट होती ती. पण त्या दिवशी तेवढ्यानेही मला झोप लागली.

*

सोमवारी सकाळी साडेदहाला पडद्यावर हिरण्य शीतगृह आलं. आकडा दोन. पत्त्याखाली नवीन ओळ होती: यंत्राने सूचना बंद केली आहे.

घंटासुद्धा वाजली नाही.

"गाडी काढा," मी म्हणाले.

चालक मुल्लाचाचांनी माझ्याकडे बघितलं. तुषार म्हणाला, "मॅडम, आता तर यंत्रच म्हणतंय बसा!"

"गाडी काढा म्हटलं ना!"

निघालो. घाईत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि सवय इतकी हाडात गेलेली की माझा मास्क फळीवरच राहिला. तुषारचाही. दोनच्या आकड्याला आम्ही मास्क घेतच नव्हतो. मामा अर्थातच पूर्ण तयारीत होते आणि त्या दिवशी त्यांना कुणी काही बोललं नाही.

बिरनाळे फाटकात नव्हते. आतून आले ते वैतागलेले.

"आज कशाला? आमच्याकडं निरोप आलाय, सूचना बंद म्हणून."

"चार नंबरच्या दाराशेजारचा पत्रा कापायचा आहे."

"पत्रा?" त्यांना हसू आवरेना. "आत दोनशे टन माल हाय, मॅडम. पत्रा कापला की थंडी गेली. मालक मला उभा सोलतील. कुठल्या सूचनेवर कापणार तुम्ही? सूचनाच न्हाई."

"माझ्या जबाबदारीवर."

त्यांनी ऑफिसातून एक फाइल आणून माझ्यासमोर उघडली. माझे अहवाल. छापून, क्रमाने लावलेले. विमा कंपनीसाठी त्यांनी ते जपून ठेवले होते.

"ह्या तुमच्याच सह्या न्हवं? एकोणतीस येळा. प्रत्यक्ष पाहणी केली, गंधक. यंत्र म्हणतंय गंधक. आन् आज तुम्ही म्हणताय भिंत फोडा. आम्ही कुणाचं खरं मानायचं?"

माझ्यामागे तुषार, मुल्लाचाचा, मामा उभे होते. मोठ्या खोलीत बेदाणा निवडणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या.

"ह्या सह्या खोट्या आहेत," मी म्हणाले. "एकदाही मी आत बघितलेलं नाही. गाडीत बसून लिहिलंय सगळं."

तुषारने मान खाली घातली. बिरनाळेंनी फाइल मिटली. मामांनी कटर सुरू केला.

"आधी माणसं बाहेर काढा," मी ओरडले. निवडणाऱ्या बायका अंगणात गेल्या. "चार नंबरमध्ये कोण आहे?"

"कोणी न्हाई," बिरनाळे म्हणाले.

मी जाऊन दार उघडून बघायला हवं होतं. त्या दिवशी तरी. पण त्यांनी सांगितलं आणि मी मानलं.

मामांनी चौकटीशेजारी वीतभर चीर पाडली आणि पत्रा वाकवला. आतला फोम कोळशासारखा काळा होता आणि कडेने बारीक लाल रेघ सरकत होती. त्या चिरेतून इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा आत हवा गेली. रेघ पेटली. पिवळसर राखाडी धूर छताला लागून असा पसरला की बाहेरचं दार दिसेनासं झालं. मामांनी तोंडावर मास्क ओढला. आणि मग चार नंबरच्या आतून कुणीतरी दारावर हात आपटला.

दोघी होत्या. खोके सरकवायला आत गेलेल्या, थंडी जाऊ नये म्हणून दार लावून घेतलेलं.

त्या फोमच्या धुरात सायनाइडच्या जातीचा वायू असतो. ओला रुमाल त्याला अडवत नाही. म्हणजे आमच्या चौघांत आत जाण्याजोगा एकच माणूस होता. मामा गेले. मी आणि मुल्लाचाचा दाराबाहेरून पाण्याचा मारा करत होतो, खोकत, डोळे मिटून. मामा एकीला ओढत बाहेर आले आणि वळून पुन्हा जायच्या आत तुषार त्यांच्या बाजूने आत घुसला. मी "तुषार!" एवढंच ओरडू शकले. त्याच्या तोंडावर ओला टॉवेल होता.

त्याने दुसरीला दारापर्यंत आणलं. तिथून दोघांना मामांनी बाहेर काढलं. अंगणात तुषार गुडघ्यांवर बसला, काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं आणि आडवा झाला.

*

त्या दोघी वाचल्या. तुषारही वाचला. एकोणीस दिवस तो इस्पितळात होता. आता एक वाक्य त्याला दोन श्वासांत बोलावं लागतं आणि जिना चढता येत नाही. मुख्यालयाने त्याला टेबलावरचं काम दिलं. त्याची बायको मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिच्याकडे बघू शकत नाही, अजूनही नाही.

चौकशीत मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, ह्या सह्या खोट्या आहेत. मला निलंबित केलं, ते योग्यच होतं. मृण्मयी मात्र कंपनीशी भांडून परत आली. माझे सगळे अहवाल तिने यंत्राच्या शिकवणीतून काढून टाकले. चारशे बारा. एका रात्रीत जिल्ह्यातले आकडे वर उसळले. केंद्राकेंद्रांत घंटा वाजायला लागल्या, गाड्या दिवसभर पळायला लागल्या, आणि माझ्या नावाने शिव्या सुरू झाल्या. मामा म्हणाले, आता सगळेच नवरदेव झालेत. पण ते हसत नव्हते.

"त्या चारशे बारांतले खरे किती असतील?" मृण्मयीने मला फोनवर विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तीच तर गोष्ट आहे."

तिने मला यादी पाठवली. नियमात बसत नव्हतं, तरी पाठवली. तेव्हापासून मी स्कूटरवर फिरते आहे. गणवेश नाही, अधिकार नाही, हाकलून दिलं तर निघून यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. गिरणी, लग्नाचा हॉल, दोन दवाखाने, रंगाचं गोदाम. आत्तापर्यंत सहासष्ट ठिकाणं झाली. त्रेसष्ट ठिकाणी खरंच काही नव्हतं. तीन ठिकाणी होतं.

काल मुलींच्या वसतिगृहात गेले. जुनी दुमजली इमारत, नव्वद मुली. नाव सांगताच रेक्टर कुलकर्णीबाईंनी मला ओळखलं. कौतुकाने आत नेलं, पाणी दिलं, आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे माझा अहवाल काचेच्या चौकटीत लावलेला होता. प्रत्यक्ष पाहणी केली, होय.

"पालक विचारतात ना, तेव्हा हाच दाखवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघून गेलात म्हणून आम्ही निर्धास्त झोपतो, मॅडम."

वरच्या मजल्यावर मुली कशावरून तरी खिदळत होत्या. मला वाटलं, इथे तरी नको सांगायला. नुसतं बघून घेऊ, सगळं ठीक असलं तर तो कागद राहू दे भिंतीवर. ही माझी जुनी बुद्धी. ती कुठे गेलेली नाही, रोज सकाळी माझ्याआधी उठते.

"बाई, मी बघितलं नव्हतं," मी म्हणाले. "त्या दिवशी मी गाडीतून उतरलेच नव्हते."

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि मग त्यांनी मान वळवून जिन्याकडे, वरून येणाऱ्या त्या हसण्याच्या आवाजाकडे बघितलं.

मी उठले आणि आधी मेन स्विच कुठे आहे ते विचारलं.